चकमकीच्या रायफलीचा नेम

नेम चुकला म्हणजे नेमबाज प्रथम बंदुकीस दोष देतो, मग वाऱ्यास देतो आणि सर्वांच्या शेवटी स्वतःकडे वळतो. आधुनिक रायफलीच्या बाबतीत हा क्रम थोडाफार चालून जातो. कारण तिचे काडतूस कारखान्यातून एकसारखे भरून आलेले असते. चकमकीच्या रायफलीत मात्र दारू मोजणारा, गोळी ठासणारा, रंजक घालणारा आणि चाप ओढणारा, हे सारे एकच गृहस्थ असतात. तेथे दोष ढकलण्यास दुसरे कोणी उरत नाही. या जुन्या हत्याराचा नेम कसा सुधारतो, ते आज वाचकांस सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम तिची रचना पाहू. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा धरलेला असतो. चाप ओढताच घोडा झेपावतो, गार पोलादी पट्टीवर घासते आणि ठिणग्या खालच्या वाटीतील रंजकावर पडतात. तो भडका नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून, म्हणजे कानातून, आत शिरतो व मुख्य दारू पेटते. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या बंदुका याच जातीच्या होत्या. परंतु त्यांची नळी आतून गुळगुळीत असे. सैल गोळी अशा नळीत आपटत बाहेर पडते, आणि शेवटचा धक्का ज्या बाजूचा बसेल त्याच्या उलट दिशेस जाते. रायफलीच्या नळीस आतून पेचदार खाचा असतात. त्यांमुळे गोळीस फिरकी मिळते व तिचा मार्ग स्थिर राहतो.

पेनसिल्व्हानियात जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात लांब नळीच्या अशा रायफली घडविल्या. पुढे इंग्रज सैन्याने १८०० साली एझिकिएल बेकर याची रायफल स्वीकारली. तिची नळी ३० इंच लांब, आत खाचा ७, आणि त्यांचा पेच सबंध नळीत अवघा पाव फेरा. या रायफलीने काय होऊ शकते, हे १८०९ च्या जानेवारीत स्पेनमधील काकाबेलोस येथे दिसले. तेथे फ्रेंच सेनानी कोलबेर गोळी लागून पडला. ती गोळी टॉमस प्लंकेट नामक शिपायाची, असे सांगितले जाते. आज तीच विद्या कागदाच्या लक्ष्यावर चालते, ही समाधानाची गोष्ट होय.

आता सुधारणेकडे वळू. पहिली गोष्ट गारेची. तिची धार पट्टीस सर्व रुंदीभर एकाच वेळी भिडली पाहिजे, आणि ती जबड्यात कातड्याच्या घडीत घट्ट बसलेली हवी. धार बोथट झाली की ठिणग्या मंदावतात व पेट घेण्यास विलंब लागतो. अशा वेळी धार टवकून नवी करावी. कान दर बारास बारीक तारेने मोकळा करावा. रंजक बारीक दाण्याची व थोडी घालावी. वाटी शिगोशीग भरल्याने भडका मोठा होतो, पण बार लवकर उडतोच असे नाही.

दुसरी गोष्ट ठासणीची. गोळी नळीपेक्षा किंचित लहान घेऊन ती तेल लावलेल्या सुती चिंधीत गुंडाळून बसवितात. ही चिंधीच खाचांत रुतून गोळीस फिरविते. बार झाल्यावर ती पुढे काही पावलांवर जमिनीवर पडलेली सापडते. ती अवश्य उचलून पाहावी. कडा थोड्या उसवलेल्या व मध्य काळवंडलेला पण शाबूत असेल, तर सारे ठीक आहे. मध्ये जळून भोक पडले असेल तर कापड पातळ आहे. खाचांच्या रेषेवर कापली गेली असेल तर नळीचे तोंड तीक्ष्ण आहे किंवा गोळी फार घट्ट आहे. आम्हांस वाटते, एवढा स्पष्टवक्ता साक्षीदार दुसरा नाही.

दारू मापाने घ्यावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. टेकू देऊन पाच गोळ्या झाडाव्या, त्यांचा पुंजका किती आवळला ते वहीत लिहावे, मग दारू पाच ग्रेनने वाढवावी. पुंजका आवळण्यापूर्वी माशी सरकविणे व्यर्थ होय. काळ्या दारूची काजळी दर बारागणिक साचते व दमट हवेत ओली होते. म्हणून दोन बारांच्या मध्ये ओलसर व मग कोरडी चिंधी गजाने फिरवावी.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. चाप ओढणे आणि गोळी सुटणे यांत क्षणाचा विलंब असतो, आणि त्या क्षणी डोळ्यांपुढे भडका उडतो. नवशिका तेथेच दचकतो, आणि नेम बिघडतो तो गोळी नळीत असतानाच. यावर उपाय असा की, गारेच्या जागी लाकडाची चीप लावून रिकाम्या रायफलीचा चाप ओढण्याचा सराव करावा, आणि बारानंतरही गोळी लक्ष्यास लागेपर्यंत माशीवरील दृष्टी हलवू नये.

सावधगिरीचे दोन शब्द. दारूच्या बुधलीतून थेट नळीत दारू कधी ओतू नये; एखादी निखारी राहिली असल्यास बुधलीच हातात फुटते. बार उडाला नाही तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून मिनिटभर थांबावे. डोळ्यांस चष्मा हवाच, आणि उजव्या बाजूस कोणी उभे नसावे, कारण कानातून भडका तिकडेच निघतो. कोकणात शेतराखणीची ठासणीची बंदूक अनेकांस परिचित आहे. तिला ठिणगी बहुधा गारेची नव्हे, टोपीची असते. तथापि १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, तरी परवान्याची गोष्ट हलक्याने घेण्याजोगी नाही, हे ठासणीच्या बंदुकीसही लागू आहे.

परदेशांत या जुन्या हत्यारांच्या सामन्यांत तेरा गोळ्या अर्ध्या तासात झाडावयाच्या असतात आणि त्यांतील उत्तम दहा मोजतात. दहा गोळ्यांकरिता तीन चुका माफ आहेत, आणि वेळही घाईचा नाही. आमच्या मते हा नियम करणारे या रायफलीस पुरते ओळखून होते.