कॉलिन जॅक्सन: ट्रॅकवरून मायक्रोफोनकडे

अडथळा शर्यत आवडत असेल, तर वेल्सचा कॉलिन जॅक्सन माहीत असायलाच हवा! १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये ११० मीटर अडथळा शर्यतीत रौप्य, १९९३ आणि १९९९मध्ये जगज्जेता. १९९३ला स्टुटगार्टमध्ये त्याने नोंदवलेला १२.९१ सेकंदांचा विश्वविक्रम २००६पर्यंत कुणालाही मोडता आला नाही. ६० मीटर अडथळा शर्यतीतला ७.३० सेकंदांचा इनडोअर विश्वविक्रम तर १९९४पासून २०२१पर्यंत टिकला!

२००३मध्ये निवृत्त झाल्यावर तो बीबीसीवर अ‍ॅथलेटिक्सचं विश्लेषण करू लागला. ११० मीटर अडथळा शर्यतीत १.०६७ मीटर उंचीचे दहा अडथळे असतात, दोन अडथळ्यांमध्ये फक्त तीन पावलं. लय नेमकी कुठे बिघडली, हे स्वतः ती शर्यत धावलेल्या माणसाच्या नजरेला चटकन दिसतं. पुढची शर्यत बघताना आवाज बंद करू नका, समालोचन जरूर ऐका!