सावडीने उभी राहणारी गाडी : बिदर-कलबुर्गी सीमाभागातील जुन्या पिकअपची पुनर्बांधणी

बिदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकाच्या ईशान्येकडील जिल्हे आणि त्यांना लागून असलेले उदगीर, निलंगा, उमरगा, अक्कलकोट हे महाराष्ट्रातील तालुके या पट्ट्यात जीपच्या सांगाड्यावर बांधलेल्या गाड्यांनी गेली कित्येक दशके माणसे आणि माल वाहिला आहे. त्यांपैकी पिकअप, म्हणजे पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली हलकी मालवाहू गाडी, हा या लेखाचा विषय आहे. अशी जुनी गाडी सांगाड्यापर्यंत उघडणे, तिचे गंजलेले भाग बदलणे, केबिन व हौदा नव्याने घडवणे आणि तिला पुन्हा रस्त्यावर आणणे ही एक स्वतंत्र कारागिरी आहे. मिस्त्री, वेल्डर, पत्राकाम करणारा, पेंटर, वायरमन आणि सीटचे काम करणारा अशा सहा हातांची ती बेरीज असते. परंतु हे हात आपापले काम करून निघून गेल्यावर जे शेवटचे काम उरते, ते मित्रांच्या श्रमाशिवाय पूर्ण होत नाही, आणि गाडीचा खरा कस तिथेच लागतो.

या गाडीच्या कुळाचा मागोवा घेतला तर तो अमेरिकेतील टोलेडो शहरापर्यंत पोहोचतो. विलिस-ओव्हरलँड या तेथील कंपनीने दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी जीप बनवली आणि युद्ध संपल्यावर शेतकरी व व्यापारी यांच्यासाठी तिचे नागरी अवतार बाजारात आणले. १९४७ साली तिने जीपच्या घडणीचा पिकअप ट्रकही काढला. त्याच सुमारास शेवरोलेने १९४७ मध्ये आणि फोर्डने १९४८ मध्ये युद्धोत्तर नव्या बांधणीचे पिकअप आणले. याच गाड्या आज अमेरिकेत हौशी लोक मित्रांच्या साहाय्याने आपल्या गॅरेजमध्ये पुन्हा घडवतात. भारतात मात्र ते स्थान प्रामुख्याने जीपलाच मिळाले, कारण येथे सुट्या भागांची अखंड परंपरा तिच्याच वाट्याला आली.

भारतातील जीपच्या इतिहासाचा एक धागा थेट जुन्या हैदराबाद संस्थानाशी जुळतो. १९४५ साली जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन केली. यांपैकी गुलाम मोहम्मद यांनी त्याआधी निजामाच्या राज्याचे अर्थखाते सांभाळले होते, आणि बिदर व गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) हे दोन्ही जिल्हे तेव्हा त्याच राज्यात होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे बदलले. सुटे भाग आणून येथे जीप जोडण्यापासून सुरू झालेला हा व्यवसाय पुढे भारतातच जीप घडवण्यापर्यंत गेला, आणि १९६० च्या दशकात कंपनीने एफसी-१५० हा हलका मालवाहू प्रकारही बाजारात आणला, ज्यात चालकाची केबिन इंजिनाच्या मागे न ठेवता त्याच्या वर बसवलेली असे, म्हणून लांबी न वाढवता हौद्याला अधिक जागा मिळे.

दुसरा धागा याहून जवळचा आहे. १९४२ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या ऑल्विन कारखान्याने निजामाच्या परिवहन खात्यासाठी बसच्या बॉड्या बांधल्या. पुढे याच ऑल्विनने जपानच्या निस्सान कंपनीशी सहकार्य करून जहिराबाद येथे हलके ट्रक बनवले, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो उद्योग महिंद्रकडे आला. जहिराबाद हा भाग १ नोव्हेंबर १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेपूर्वी बिदर जिल्ह्यातच होता. त्या दिवशी जिल्ह्याचे तीन तुकडे झाले : बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात गेला, उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात आले आणि जहिराबाद, नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले. राज्ये वेगळी झाली तरी बाजारपेठा तुटल्या नाहीत. म्हणूनच आजही भालकीच्या माणसाला गाडीचा एखादा भाग हवा असला तर तो उदगीर, लातूर, सोलापूर किंवा हैदराबाद यांपैकी जिथे मिळेल तिथून आणतो, आणि गॅरेजमध्ये मराठी, कन्नड, दखनी उर्दू व तेलुगू या चारही भाषा एकाच इंजिनाभोवती ऐकू येतात.

या भागात जीप टिकून राहण्यामागे भूगोलही आहे. बिदरचे पठार जांभ्या दगडाचे आणि लाल मातीचे आहे, तर भालकी, औराद, आळंद या तालुक्यांत काळी माती मोठ्या प्रमाणात आहे, जी पावसाळ्यात चाकाला धरून ठेवते. अशा शिवारातून तूर, उडीद, ज्वारी बाजारापर्यंत आणायची तर उंच सांगाडा, भक्कम पाटे आणि चारही चाकांना गती देणारा गिअर यांची गरज पडे. हुमनाबाद येथे पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्ग आणि कलबुर्गी-बिदर रस्ता एकत्र येतात, त्यामुळे मालवाहतूक आणि तिच्या दुरुस्तीची कामे यांना तेथे स्वाभाविक आधार मिळाला. तिकडे अफझलपूर तालुक्यातील श्रीक्षेत्र गाणगापूरला जाणारे दत्तभक्त गाणगापूर रोड या रेल्वे स्थानकावर उतरून पुढचे सुमारे २० किलोमीटर अंतर रस्त्याने कापतात, आणि या वाटेवरही जीपने दीर्घकाळ सेवा दिली आहे.

जीपची पुनर्बांधणी शक्य होते ती तिच्या रचनेमुळे. आजच्या बहुतेक मोटारींत पत्र्याची बॉडी हाच भार पेलणारा सांगाडा असतो; जीपमध्ये मात्र चॅसी, म्हणजे दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, सर्व भार घेते आणि बॉडी तिच्यावर रबरी गाद्या व बोल्ट यांच्या साहाय्याने बसवलेली असते. त्यामुळे चार-सहा माणसांनी बोल्ट सोडून बॉडी उचलली की खालची गाडी उघडी पडते. पहिले काम असते ते चॅसीचा काटकोन तपासण्याचे : एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून दोन्ही कर्ण मोजतात, आणि ते समान भरले नाहीत तर गाडीला पूर्वी कधीतरी मार बसला आहे हे कळते. अशी वाकडी चॅसी सरळ न करता तिच्यावर कितीही सुबक बॉडी बसवली तरी टायर एका बाजूने झिजतात आणि दरवाजे बसत नाहीत.

इंजिनाच्या निवडीत दोन परंपरा आहेत. जुन्या उंच बॉनेटच्या जीपला २१९९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन असे, ज्यात हवा व इंधन आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूला असतात. लेथवर सिलिंडरचे बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन घालणे आणि क्रँक घासून बारीक मापाची बेअरिंगे बसवणे, या दोन कामांनी ते नव्याने उभे करता येते. दुसरी परंपरा डिझेलची आहे. महिंद्रने १९६३ पासून इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवले, आणि त्याच घराण्याचे डिझेल इंजिन पुढे जीपमध्येही आले. शेतकरी भागात याचा मोठा लाभ झाला, कारण ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला हे इंजिन ओळखीचे होते आणि त्याचे भाग तालुक्याच्या गावी मिळत.

हौद्याचे काम पत्रा आणि आग यांचे आहे. बाजूंना साधारण १.६ मिलिमीटर म्हणजे १६ गेजचा आणि तळाला २ मिलिमीटर म्हणजे १४ गेजचा पत्रा वापरला तर वजन आणि मजबुती यांचा मेळ बसतो. पातळ पत्रा सलग जोडत नेला तर उष्णतेने तो लाटांसारखा फुगतो. म्हणून जाणता वेल्डर आधी अंतराअंतरावर टाके मारतो, पत्रा थंड होऊ देतो आणि मगच मधल्या जागा भरतो. मागचा फाळका, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्यासाठी खाली उघडणारी फळी, बिजागऱ्या आणि साखळ्यांवर तोललेला असतो. बिजागरी एका बाजूला किंचित खाली बसली तरी फाळका भार पडताच अडकतो. रंगकामात हवामानाचा विचार अटळ आहे. कलबुर्गीत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा स्प्रेगनमधून निघालेला रंग पत्र्यावर पसरण्याआधीच सुकू लागतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो, म्हणून पेंटर सावकाश उडणारे थिनर वापरतो किंवा पहाटे काम करतो. पावसाळ्यात उलट दमट हवेमुळे ड्युको प्रकारच्या रंगावर पांढरट झाक येते.

येथवरचे काम मजुरी देऊन करून घेता येते. मात्र रंग वाळल्यावर गाडी जोडायला घेतली की असे टप्पे येतात जिथे एका माणसाचे कौशल्य कितीही असले तरी अपुरे पडते. ब्रेकमधील हवा काढणे हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. ब्रेक ऑइलच्या नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पॅडल स्पंजासारखे दबते आणि चाक धरत नाही. त्यासाठी एक जण पॅडलवर पाय ठेवून बसतो आणि दुसरा चाकाजवळ आडवा होतो, तोही मुख्य सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या, म्हणजे बहुधा मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून. आतला पॅडल दाबून धरतो, खालचा चाकाजवळचा हवा काढण्याचा निपल सैल करतो, बुडबुड्यांसह ऑइल बाहेर येते, निपल घट्ट होतो, आणि त्यानंतरच खालून ‘सोड’ असा आवाज येतो. आतल्याने तो आवाज येण्याआधी पाय उचलला तर निपलमधून हवा पुन्हा आत ओढली जाते आणि सारे श्रम वाया जातात. चारही चाकांवर हे पुन्हापुन्हा करावे लागते, आणि त्यात घाई करणाऱ्या अनोळखी माणसापेक्षा आवाज ओळखणारा मित्र अधिक उपयोगी पडतो.

केबिनची मागची काच बसवतानाही असेच दोन हात लागतात : रबराच्या खाचेत सभोवार दोरी घालतात, बाहेरचा माणूस तळहाताने काच दाबून धरतो आणि आतला दोरीचे टोक हळूहळू ओढत रबराची कड पत्र्यावर उलटवत जातो. दिव्यांची तपासणी हा तिसरा प्रसंग आहे. विजेच्या परतीचा मार्ग गाडीच्या धातूतूनच जातो, त्यामुळे नव्या रंगाचा थर मध्ये आला की दिवा मंद जळतो किंवा लागतच नाही, आणि एक जण स्विच दाबत असताना दुसऱ्याने एकेका बोल्टखालचा रंग खरवडून ‘अर्थ’ मिळवावा लागतो.

कृषिजीवनात अशा परस्पर श्रमांची व्यवस्था पूर्वापार आहे. दोन शेतकऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या शेतात बैल व श्रम देणे म्हणजे सावड, तर अडलेल्या शेतकऱ्याच्या हाकेला अनेकांनी एका दिवसापुरते धावून जाणे आणि त्याने सर्वांना जेवू घालणे म्हणजे इर्जिक. कन्नडभाषक शेतकऱ्यांत याच जातीची मुय्याळू ही पद्धत आहे. तिन्हींत श्रमाची किंमत पैशांत होत नाही, परंतु परतफेडीचे भान पक्के असते. गाडीच्या अखेरच्या टप्प्यात येणारी मित्रमंडळी याच व्यवस्थेने येतात. आज वायरिंग जाणणाऱ्याने दिवस दिला की उद्या त्याच्या मोटारपंपासाठी वेल्डिंग जाणणारा दिवस देतो. या देवघेवीमुळे एका व्यवसायाचे ज्ञान दुसऱ्या व्यवसायात उतरते, आणि ते कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नसले तरी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते.

या कारागिरीची मर्यादा मात्र कायद्याने आखलेली आहे, आणि ती कामाला हात लावण्यापूर्वी समजून घेणे हिताचे असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असे बदल वाहनमालकाला करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन काटेकोरपणे पाळण्याचा निर्णय दिला. म्हणजे सांगाड्याची लांबी वाढवणे किंवा प्रवासी जीपचा परस्पर पिकअप करणे वैध नाही. मुळात पिकअप म्हणून नोंदलेली गाडी त्याच रूपात पुन्हा उभी करणे हा सुरक्षित मार्ग आहे, आणि इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता हवी. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते व त्यानंतर तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते. सीमाभागात आणखी एक टप्पा वाढतो : लातूरच्या एमएच-२४ क्रमांकाची गाडी बिदरच्या केए-३८ मध्ये आणायची तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि नवी नोंदणी लागते. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीची सोय केली, परंतु ती मूळ रूपात जपलेल्या वाहनांपुरती असून अशा गाडीचा नित्याचा वा व्यावसायिक वापर करता येत नाही. त्यामुळे शेतमाल वाहण्यासाठी प्रामाणिकपणे पुन्हा उभी केलेली जुनी पिकअप या सवलतीच्या बाहेर राहते. जपणूक आणि पुनर्बांधणी यांतील फरक ओळखून, सुरक्षेच्या कठोर तपासणीसह दुसरीलाही स्वतंत्र वाट देणे हे धोरणकर्त्यांपुढील न्याय्य काम आहे.

गाडी पूर्ण झाली याची खरी कसोटी रंगाच्या चकाकीत नसते. हौद्यात पोती भरून, कच्च्या रस्त्यावर नेऊन, उतारावर ब्रेक दाबून आणि परत आल्यावर प्रत्येक यू-बोल्ट पुन्हा आवळूनच ती ठरते. पाटे नव्याने बसवले की पहिल्या भारानंतर ते जागा घेतात व बोल्ट सैल पडतात, हे अनुभवी मिस्त्री प्रत्येक मालकाला बजावतो. त्याहून महत्त्वाचे हे की जोडणीत हात घातलेल्या प्रत्येक मित्राला आता या गाडीतील एकेका बोल्टची जागा ठाऊक असते, आणि ती कोठेही बंद पडली तरी तिला पुन्हा सुरू करू शकणारे चार जण त्या गावात तयार झालेले असतात. कंपन्यांनी जुन्या भागांचे उत्पादन थांबवले तरी हे ज्ञान गाडीला जगवते. म्हणून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आणि स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी जुन्या मिस्त्रींची कामाची पद्धत त्यांच्या हयातीतच नोंदवून ठेवणे अत्यावश्यक आहे.