जिंकणारा पत्ता आणि त्याची उपाधी

मोबाईलवरचे पत्त्यांचे खेळ आणि त्यावर तत्त्वज्ञानाच्या माणसाचं व्याख्यान, म्हटल्यावर काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावणार हे आम्ही धरूनच आलो आहोत. आधी एक सांगून टाकू. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीबद्दल हे नाही. तशा खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं 2025 मध्ये केलेला आहे. आपण बोलतोय ते ‘हर्थस्टोन’, ‘मॅजिक अरिना’ अशा खेळांबद्दल. आपल्या 52 पानांच्या कॅटमध्ये सगळ्यांना तीच पानं असतात. इथं तसं नाही. शेकडो पत्त्यांतून खेळाडू आपला डेक स्वतः जमवतो, हर्थस्टोनमध्ये साधारण 30 पत्त्यांचा. मग कोणता पत्ता घ्यायचा? मुलं आकडे काढून बघतात. हा पत्ता डेकमध्ये असताना 58 टक्के डाव जिंकले, तो असताना 52 टक्के. म्हणजे पहिला भारी.

आता जरा थांबा. समजा, दोन्ही पत्ते अगदी निरुपयोगी आहेत, कागदाचा कोरा तुकडा म्हणा. तरबेज खेळाडू काहीही हातात असलं तरी 60 टक्के डाव जिंकतो, नवखा 50 टक्के. पहिल्या पत्त्याच्या 100 डावांपैकी 80 डाव तरबेजांनी खेळले आणि 20 नवख्यांनी. 48 अधिक 10, झाले 58. दुसऱ्या पत्त्याचं नेमकं उलट: 20 डाव तरबेजांचे, 80 नवख्यांचे. 12 अधिक 40, म्हणजे 52. पत्त्यांनी काहीच केलं नाही आणि सहा टक्क्यांचा फरक मात्र उभा राहिला.

आपल्या नैयायिकांकडे यासाठी शब्द आहे: उपाधी. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे चूक. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या, अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी. नजरेआड राहून दोन गोष्टींची सांगड घालणारी तिसरी गोष्ट. आपल्या उदाहरणात तरबेज खेळाडू हे ओलं सरपण आहे.

मग उपाधी काढायची कशी? अन्वय आणि व्यतिरेक: ती गोष्ट असताना काय होतं आणि नसताना काय होतं, दोन्ही बघायचं. इथं या खेळांची एक मोठी सोय आहे. पत्ता डेकमध्ये घालायचा की नाही हे माणूस ठरवतो, पण तो हातात येणार की तळाशीच राहणार हे पिसणं ठरवतं. पिसण्याला तरबेज कोण आणि नवखा कोण, काही कळत नाही. म्हणून त्याच डेकचे डाव दोन ढिगांत घाला, पत्ता हातात आला ते आणि नाही आला ते. मॅजिक अरिनाची आकडेवारी गोळा करणारी ‘सेव्हन्टीन लँड्स’ नावाची सेवा हे दोन्ही आकडे वेगवेगळे देते. समजा, एका पत्त्याचे आकडे आहेत 60 आणि 60, दुसऱ्याचे 57 आणि 53. यादीत वर दिसेल तो पहिला. पण तो फुकट्या प्रवासी आहे, गाडी दुसरेच ओढताहेत. काम करतोय तो दुसरा.

हेच आपल्याकडं शेतात चालतं, आणि तिथं ते जास्त महागात पडतं. जायकवाडीच्या कालव्याखाली, भारी काळ्या रानात एखाद्या वाणाचा कापूस जोरात उतरला, की गंगाखेडकडच्या कोरडवाहू माळावरचा शेतकरी तीच पिशवी शोधत दुकानात येतो. पाणी आणि जमीन ही उपाधी; नाव होतं बियाण्याचं. आपल्या परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. अशा विद्यापीठांत वाणांची चाचणी घेताना एकाच रानाचे वाफे पाडतात, आणि कोणता वाण कोणत्या वाफ्यात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात. इंग्लंडमध्ये रोदॅमस्टेडच्या शेतांवर काम करताना फिशर यांनी ही रीत 1920 च्या दशकात बसवली. ते एक प्रकारे पत्ते पिसणंच. फरक इतकाच की शेतकऱ्याचा डाव गेला तर नवा डाव वाटायला पुढच्या मृगाची वाट बघावी लागते.

पण हातात आला-नाही आला यातही एक खोच आहे. डाव लांबला की जास्त पत्ते उचलले जातात. झटपट हल्ला करणाऱ्या डेकचे लांबलेले डाव बहुधा हरलेलेच असतात, त्यामुळे त्यातला चांगला पत्ताही ‘हातात आला आणि हरलो’ या ढिगात जास्त दिसतो. संथ खेळणाऱ्या डेकचं उलट. तेव्हा तुलना करायची ती त्याच डेकमधल्या भावंडांशी. आणि ‘पत्ता प्रत्यक्ष टाकला तेव्हा किती जिंकले’ हा आकडा तर आमच्या मते सगळ्यांत फसवा. महागडा पत्ता टाकायला आधी तितका वेळ जिवंत राहावं लागतं. जो टाकू शकला तो बऱ्याचदा आधीच पुढं होता.

आणखी एक. सेव्हन्टीन लँड्सवर नोंद ठेवणारे लोक हौसेनं आलेले, सरावाचे. त्यांची सरासरीच 55 टक्क्यांच्या आसपास असते. तिथं 53 टक्के दिसले तर अर्ध्याहून जास्त जिंकतोय म्हणून खूश होऊ नका. तो पत्ता तिथल्या सरासरीच्या खाली आहे.

‘सर, मग आम्ही स्वतःच खेळून बघतो,’ असं मुलं म्हणतात. बघा की. 40 डावांत 24 जिंकलात, म्हणजे 60 टक्के. पण इतक्या थोड्या डावांत नशिबाचा झोका दोन्ही बाजूंना पंधरा टक्क्यांपर्यंत जातो. खरा आकडा 45 ही असेल, 75 ही असेल. एक पत्ता बदलून चार टक्क्यांचा फरक पडतो की नाही, हे बऱ्यापैकी खात्रीनं ठरवायचं तर त्या पत्त्यासह अडीच हजारांच्या आसपास डाव हवेत आणि त्याच्याशिवाय तितकेच. एका डावाला 10 मिनिटं धरली तर 5000 डावांना आठशेहून जास्त तास लागतील. परीक्षा कधी आहे, ते आम्ही विचारत नाही.