मूल मारोडा : दुसरा रूळ पडण्याआधी

एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया–बल्लारशाह या 240 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज 4,819 कोटी रुपयांचा. या मार्गावर राहणाऱ्यांच्या मनात लगेच गाड्यांचा विचार येतो: आता क्रॉसिंगसाठी ताटकळणे संपेल, चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनाला वेळेवर पोहोचता येईल. तो रास्तच आहे. पण याच मंजुरीला जमिनीचीही एक बाजू आहे आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलसारख्या गावाच्या पुढच्या पन्नास वर्षांचा निकाल त्या बाजूने लागणार आहे. म्हणून हा लेख गाडीपेक्षा स्टेशनाभोवतीच्या गावाविषयी अधिक आहे.

मूलच्या स्टेशनाचे नाव मूल मारोडा. शेजारचे मारोडा हे महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे जन्मगाव. त्याच वाटेवर बाबा आमटे यांचा सोमनाथ प्रकल्प आहे, जिथे 1967 पासून श्रमसंस्कार छावणी भरते. हा मार्ग मुळात बंगाल-नागपूर रेल्वेचा, अरुंद रुळांचा. गोंदिया–नागभीड–नागपूर हा पट्टा 1908 च्या सुमारास सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत नागभीडहून फाटा फुटून रूळ सिंदेवाही, राजोली, मूल असे करत चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, पोहोचले. इंग्रजांना इथल्या जंगलातले लाकूड, धान आणि कोळसा हवा होता. प्रवासी त्यासोबत आले. 1990 च्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला. गोंदिया–जबलपूर रुंदीकरण 2021 मध्ये पूर्ण झाल्यावर तर हा उत्तर-दक्षिण वाहतुकीचा जवळचा रस्ताच बनला आणि मालगाड्या वाढल्या. एकेरी मार्गावर मालगाडीला वाट द्यायची म्हणजे पॅसेंजरने स्टेशनात उभे राहायचे. अपडाऊन करणाऱ्या शिक्षकाला, कारकुनाला, कॉलेजच्या मुलीला हे गणित पाठ आहे. त्यामुळेच ज्याला परवडते तो मोटारसायकलवर गेला आणि ज्याला परवडत नाही तो एसटीकडे वळला.

मूलचे स्थान नकाशावर नीट पाहिले पाहिजे. चंद्रपूर सुमारे 45 किलोमीटर. दुसऱ्या बाजूला सावलीवरून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. उत्तरेला सिंदेवाही-ब्रह्मपुरीचा रस्ता, दक्षिणेला पोंभुर्ण्याचा. गडचिरोली जिल्ह्यात आज देसाईगंज-वडसा हे एकच रेल्वेस्टेशन आहे. वडसा–गडचिरोली हा सुमारे 52 किलोमीटरचा नवा मार्ग होत आहे, पण तो उत्तरेकडे जातो. गडचिरोलीहून चंद्रपूर-बल्लारशाहकडे निघालेल्या माणसाला त्या मार्गाने मोठा वळसा पडेल. त्याची सरळ वाट मूलवरूनच आहे आणि तो मार्ग झाल्यावरही ती तशीच राहील. सुमारे 25 हजार वस्तीच्या, राईस मिलांच्या या गावाला दोन जिल्ह्यांमधला सांधा होण्याची संधी भूगोलानेच दिली आहे.

स्टेशनाभोवती गाव वसवण्याची कल्पना जुनी आहे. जपानमध्ये इचिझो कोबायाशी यांनी 1910 मध्ये ओसाकाजवळ शेतांतून रेल्वे काढली आणि तिला उतारू मिळावेत म्हणून मार्गालगत हप्त्यांवर घरे विकली. 1929 मध्ये उमेदा टर्मिनसलाच मोठे दुकान उघडले. अमेरिकेत पीटर कॅलथॉर्प यांनी 1993 मध्ये या विचाराला नियोजनशास्त्राची चौकट दिली. भारताचे या विषयावरचे राष्ट्रीय धोरण 2017 चे. स्टेशनापासून 500 ते 800 मीटर, म्हणजे दहा मिनिटांच्या चालीचा परिसर, हे त्याचे मोजमाप. या परिसरात दाट वस्ती, दुकाने, कार्यालये आणि चालण्यायोग्य रस्ते असावेत, म्हणजे माणूस खासगी वाहनाशिवाय दिवस काढू शकेल, अशी ही कल्पना आहे.

महाराष्ट्राने याचा सर्वांत मोठा प्रयोग नवी मुंबईत केला. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना 1970 ची. मानखुर्दहून वाशीला लोकल पोहोचली ती मे 1992 मध्ये. खर्चाचे 67 टक्के सिडकोने उचलले, 33 टक्के रेल्वेने. स्टेशनांवरच कार्यालयांच्या इमारती उभ्या केल्या. जमीन ज्या संस्थेची, तिनेच रेल्वेचा खर्च उचलायचा आणि वाढलेल्या भावातून तो वसूल करायचा, हे सूत्र तिथे प्रत्यक्षात आले. मला त्यातला दुसरा धडा जास्त महत्त्वाचा वाटतो. सिडकोची स्थापना आणि गाडी यांच्यात बावीस वर्षांचे अंतर पडले आणि त्या काळात आलेल्यांना खाडीपुलावरच्या रस्त्यानेच मुंबई गाठावी लागली. मूलमध्ये गाडी शंभर वर्षांपूर्वीच आली आहे. तिच्याशी जोडलेला आराखडा हवा आहे.

नागपुरात मेट्रोच्या दोन्ही बाजूंना 500 मीटरपर्यंत वाढीव चटई क्षेत्र (एफएसआय) दिले गेले. तोच नियम उचलून मूलला लावावा, असे कोणी सुचवले तर ते चूक ठरेल. इथे सात मजली इमारतीला गिऱ्हाईक नाही. दिवसात मोजक्या पॅसेंजर गाड्या असताना वाढीव एफएसआय म्हणजे बिल्डरला दिलेली देणगी आहे. मूलमधला प्रश्न उंचीचा नाही, पसरण्याचा आहे.

आणि पसरणे इथे धोक्याचे आहे, कारण गावाच्या कडेला जंगल आहे. चंद्रपूर–मूल रस्ता चिचपल्लीच्या वनातून येतो. ताडोब्यातून बाहेर पडणारे वाघ याच पट्ट्यातून पुढे जातात. तेंदूपत्ता आणि मोहफुलांच्या दिवसांत जंगलात गेलेल्या माणसांचे मृत्यू या भागाला नवे नाहीत. नोव्हेंबर 2018 मध्ये जुनोन्याजवळ याच रेल्वेमार्गावर गाडीखाली वाघाचे तीन बछडे मेले. अशा गावात हमरस्त्याच्या कडेने शेत अकृषक करून लेआउट पाडायचे, प्लॉट विकायचे आणि घरे वनाच्या हद्दीपर्यंत नेऊन ठेवायची, म्हणजे सायंकाळी पायी परतणाऱ्या बाईला बिबट्याच्या वाटेवर उभे करणे आहे. मुंबईत स्टेशनाजवळ घर हवे ते वेळ वाचवण्यासाठी. इथे आटोपशीर गाव हवे ते जीव वाचवण्यासाठी, माणसाचा आणि वाघाचाही.

जमिनीचा आणखी एक पेच आहे. पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनीच मानल्या जातील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी दिला. 12 डिसेंबर 1996 पूर्वीच्या वाटपांना नियमित करण्याची वाट ठेवली, पण पुढे शाळेसाठी, घरकुलासाठी, बसस्थानकासाठी अशी जमीन हवी तेव्हा घेता येणार नाही. निर्णय योग्य आहे असे मला वाटते. त्याचा व्यवहारी अर्थ मात्र नगरपरिषदेने समजून घ्यावा: मोकळी सरकारी जागा आता मोजकी आहे आणि तिचा प्रत्येक गुंठा जपून वापरावा लागेल.

मग करायचे काय? सर्वांत आधी स्टेशन आणि बसस्थानक यांची गाठ बांधायची. गाडी आली की सावली-गडचिरोली आणि पोंभुर्ण्याची एसटी स्टेशनाच्या दारात उभी हवी. त्यासाठी सिमेंट लागत नाही, रेल्वे आणि एसटी यांनी वेळापत्रक एकत्र बसून लावावे लागते. स्टेशन रस्त्याला दोन्ही बाजूंनी रुंद पायवाट, सावलीची झाडे आणि रात्रभर दिवे हवेत. ऑटो आणि सायकलींना ठरलेली जागा हवी. धानाच्या ट्रकांचा रस्ता प्रवाशांच्या रस्त्यापासून वेगळा काढावा, कारण हंगामात ट्रकांच्या रांगा लागल्या की चालणाऱ्याला जागा उरत नाही. दहा मिनिटांच्या चालीच्या परिसरात नवे कार्यालय, वसतिगृह, भाड्याची साधी घरे यांना प्राधान्य द्यावे. मुलींचे वसतिगृह तर पहिल्या क्रमांकावर. गडचिरोलीच्या आतल्या गावांतून शिकायला निघालेल्या मुलीला संध्याकाळची गाडी चुकली तर मुक्कामाला सुरक्षित जागा मिळते की नाही, यावर तिचे शिक्षण टिकते.

दुहेरीकरणाच्या आखणीतही गावाने बोलले पाहिजे. दुसरा रूळ पडला की फाटक ओलांडणे अवघड होते आणि रुळांपलीकडची वस्ती तुटते. पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग कुठे हवा, वन्यप्राण्यांसाठी कुठे, हे काम सुरू होण्याआधी ठरले तर खर्च कमी येतो. नंतर मागितले तर वर्षानुवर्षे निवेदने देत बसावे लागते. चांदा फोर्टचे अमृत भारत योजनेत नूतनीकरण झाले आणि मे 2025 मध्ये त्याचे लोकार्पण झाले. इमारत देखणी असावीच, पण मूलला त्याहून स्टेशनाबाहेरच्या अर्ध्या किलोमीटरची गरज मोठी आहे आणि तो रेल्वेच्या हद्दीत येत नाही. तो नगरपरिषदेचा आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. बहुतेक गावांत या मुदतीत येणारे अर्ज आपापल्या प्लॉटवरचे आरक्षण उठवण्यासाठी असतात. मूलच्या शिक्षकांनी, व्यापाऱ्यांनी, अपडाऊन करणाऱ्यांनी आणि महिला बचत गटांनी पुढच्या वेळी स्टेशनाभोवतीच्या 800 मीटरसाठी एकत्र अर्ज करावा. नगरपरिषदेत जाऊन सध्याचा नकाशा आजच पाहता येतो. तो पाहा, आणि दुहेरी मार्गाच्या भूसंपादनाची पहिली नोटीस निघण्याआधी पाहा.