पाठीच्या कण्यांतील औषध आणि घरच्यांची दक्षता

घरांतील एखाद्या माणसाचे पाय लांकडासारखे ताठ होऊं लागले, म्हणजे त्याची झळ साऱ्या कुटुंबास लागते. कपडे बदलावयाचे तर गुडघे उलगडत नाहींत. खुर्चींत बसवावें तर अंग पुढें घसरतें. रात्रीं पेटके येऊन रुग्ण दचकून जागा होतो आणि त्याच्या उशाशीं निजलेली आईहि जागी होते. मज्जारज्जूस झालेली दुखापत, मेंदूस झालेली इजा, मुलांमधील सेरेब्रल पाल्सी, मल्टिपल स्क्लेरोसिस, अशा अनेक कारणांनीं हा विकार जडतो. स्नायूंस आवर घालणारी मेंदूची आज्ञा खालीं नीट पोंचत नाहीं, आणि लगाम सुटल्याप्रमाणें स्नायू आपोआप आंवळले जातात.

या विकारावर वापरण्यांत येणाऱ्या बॅक्लोफेन नांवाच्या औषधाचा इतिहास मनोरंजक आहे. स्वित्झर्लंडमधील बाझल येथें सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेंत हाइनरिक केबर्ले या रसायनज्ञानें तें १९६२ सालीं तयार केलें, तें अपस्मारासाठीं. त्या रोगांत त्याचा विशेष उपयोग दिसला नाहीं. परंतु ताठलेले स्नायू त्यानें सैल पडतात असें आढळून आलें. गोळ्यांच्या रूपानें तें आजहि दिलें जातें. तथापि रक्तांतून मज्जारज्जूपर्यंत त्याचा अल्प अंशच पोंचतो, आणि मात्रा वाढवावी तर रुग्णास गुंगी येते. यावर तोड म्हणून शिकागो येथील डॉक्टर रिचर्ड पेन व त्यांचे सहकारी जेफ्री क्रोइन यांनीं हें औषध मज्जारज्जूभोंवतींच्या द्रवांतच सोडून पाहिलें व १९८४ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. अमेरिकेंत या पद्धतीस मज्जारज्जूच्या विकारांसाठीं १९९२ सालीं, आणि मेंदूच्या विकारांमुळें येणाऱ्या ताठरपणासाठीं १९९६ सालीं मान्यता मिळाली.

या पद्धतीचें सामर्थ्य मात्रेवरून ध्यानांत येईल. गोळ्या दिवसाला ८० मिलिग्रॅमपर्यंत द्याव्या लागतात. मज्जारज्जूंत सोडावयाची पहिली चांचणी-मात्रा मात्र बहुधा ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग असते. ती रुग्णालयांत देऊन कांहीं तास रुग्णावर लक्ष ठेवतात. गुण आला तरच पोटाच्या कातडीखालीं एक छोटा पंप बसवितात व त्याची बारीक नळी कण्यांत नेतात. ताठा सर्वस्वी नाहींसा करणें हा हेतु नसतो. कित्येक रुग्ण त्या ताठ्याच्याच आधारानें उभे राहतात. म्हणून मात्रा हळूहळू, बेताबेतानेंच वाढवावी लागते.

पंपांतील औषध ठराविक मुदतीनें संपतें व कातडींतून सुईनें तो पुन्हां भरावा लागतो. सारी मेख येथेंच आहे. ही धार एकाएकीं तुटली, तर दबून राहिलेला ताठा दुप्पट जोरानें उसळतो. तीव्र ज्वर येतो, भ्रम होतो, स्नायूंचा नाश होऊं लागतो, आणि वेळींच उपाय न झाल्यास प्राणावर बेततें. औषध-निर्मात्यांच्या माहितीपत्रकांत हा इशारा चौकटींत ठळकपणें छापलेला असतो.

आणि हें संकट प्रथम येतें तें अगदीं साध्या वेषांत. पुरळ नसतांना अंगास खाज सुटते, मुंग्या येतात, पाय पूर्वीसारखे ताठूं लागतात. आपल्या घरांत असें झालें म्हणजे आपण काय करतों? "पित्त उठलें असेल," असें म्हणून आजी आमसुलाचें पाणी लावतात. ताप आला तर हवा बदलल्याचें निमित्त सांपडतें. त्यांच्या मायेबद्दल शंका नाहीं. परंतु पंप बसविलेल्या माणसाची खाज ही घरगुती उपायाची बाब नव्हे. त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. तेथें गोळ्या व अन्य औषधें देऊन तात्पुरता आधार देतात. पण खरा उपाय म्हणजे तुटलेली धार पुन्हां सुरू करणें हाच होय.

उलट, मात्रा अधिक झाली तर रुग्ण पेंगूं लागतो, त्यास भोंवळ येते, अंग लुळें पडतें, श्वास मंदावतो. पंप भरतांना औषध टांकींत न जातां भोंवतालच्या मांसांत गेल्यानेंहि असें घडूं शकतें. म्हणून पंप भरल्यावर घरीं परतण्याची घाई करूं नये. आणि त्या दिवशीं रुग्ण फार झोंपाळू दिसला, तर "दगदगीनें थकला आहे, निजूं द्या," असें म्हणून स्वस्थ बसूं नये. झोंपेचीं औषधें व मद्य यांनीं ही गुंगी वाढते, हेंहि लक्षांत असावें.

एकत्र कुटुंबाचें बळ मोठें, तसा त्याचा एक दोषहि आहे : सर्वांचें म्हणून जें काम, तें कोणाचेंच राहत नाहीं. थोरल्या भावास वाटतें धाकट्यानें वेळ ठरविली असेल. धाकट्यास वाटतें वहिनींनीं विचारलें असेल. त्यांतच गणपतीस गांवीं जावयाचें ठरतें आणि "आल्यावर पंप भरूं" असें बोललें जातें. तसें करूं नये. पंप भरण्याची तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईनें लिहावी. ती सांभाळण्याचें काम एकाच व्यक्तीकडे सोंपवावें व तिच्या गैरहजेरींत कोणी पाहावें हेंहि ठरवून ठेवावें. प्रवास त्या तारखेभोंवतीं बेतावा. पंपाची माहिती, रोजची मात्रा व डॉक्टरांचा दूरध्वनि लिहिलेलें कार्ड रुग्णाच्या खिशांत असावें. पंपांतून सूचनेचा आवाज आला, तर तो मोबाइलचा समजून सोडून देऊं नये. एम. आर. आय. तपासणींत चुंबकामुळें पंप थांबतो. नंतर तो चालूं झाला कीं नाहीं, याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी.

जो मुलगा खुर्चींत धड बसूं शकत नव्हता, तो या उपायानें पंगतीस बसूं शकतो. त्याच्या आईस रात्रींची सलग झोंप लाभूं शकते. एवढें मोठें सुख एका बारीक नळींतून येत असतें. तें अखंड राखण्याचें काम जितकें डॉक्टरांचें, तितकेंच घरांतील माणसांचें आहे.