हिंडनकाठची लढाई आणि दूरदेशीचे वैर

नोएडातील गोल्फ मैदानाच्या हिरवळीवर एक जुना दगडी स्मारकस्तंभ उभा आहे. त्याच्या आसपास ११ सप्टेंबर १८०३ रोजी, हिंडन आणि यमुना या दोन नद्यांच्या मधल्या रानात, कंपनी सरकारचा सेनापती जनरल लेक आणि दौलतराव शिंद्यांची कवायती फौज यांची जी गाठ पडली, तिला इतिहासकार दिल्लीची अथवा पटपडगंजची लढाई म्हणतात. दोन बलाढ्य राष्ट्रांचे वैर पसरत पसरत तिसऱ्याच्या मुलखात युद्धरूपाने कसे उतरते, हे समजून घ्यावयास या लढाईइतके जवळचे उदाहरण दिल्लीकर मराठी माणसास क्वचितच मिळेल. परंतु तिच्याविषयी, आणि म्हणून एकंदर अशा युद्धांविषयी, काही गैरसमज रूढ आहेत, त्यांचा येथे क्रमाने परामर्श घेऊ.

गैरसमज : हे भांडण केवळ इंग्रज आणि मराठे यांचे होते.

वस्तुस्थिती : १८०२ च्या मार्चमध्ये आमियां येथे इंग्लंड व फ्रान्स यांचा जो तह झाला, त्यान्वये पुदुचेरी फ्रेंचांस परत मिळावयाची होती; पण तो तह जेमतेम चौदा महिने टिकला आणि १८ मे १८०३ रोजी इंग्लंडने फ्रान्सविरुद्ध पुन्हा युद्ध पुकारले. कलकत्त्यास बसलेला गव्हर्नर जनरल वेलस्ली हा या वैराच्या नजरेतूनच हिंदुस्थानचा नकाशा वाचीत होता, आणि गंगा-यमुनेच्या दुआबात शिंद्यांचा फ्रेंच सरदार पेरॉन याची जी सत्ता होती, ती त्यास शिंद्यांची जहागीर न वाटता फ्रान्सचे ठाणे वाटत होती. १७९८ साली नेपोलियन मिसर देशात उतरल्यापासून ही धास्ती इंग्रजांच्या मनात घर करून बसली होती.

गैरसमज : शिंद्यांच्या लष्करातील फ्रेंच सरदार नेपोलियनच्या हुकुमाने चालत होते.

वस्तुस्थिती : ही फौज महादजी शिंद्यांनी उभारविली, तिचा पहिला घडवणारा डी बॉयन हा मुळी फ्रान्सचा नव्हे, सावोयचा, आणि तिच्यातील शिपाई बहुतांशी येथलेच होते. जेम्स स्किनर हा स्कॉटिश बाप आणि राजपूत आई यांच्या पोटी जन्मलेला स्वार याच फौजेत चाकरीस होता; युद्ध उभे राहताच त्याला तेथून निघावे लागले आणि तो लेककडे गेला. काश्मिरी गेटजवळचे सेंट जेम्स चर्च पुढे त्यानेच बांधविले. खुद्द पेरॉनने तर अलीगढचा किल्ला ४ सप्टेंबरला पडताच शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांचा आश्रय मागितला, आणि पटपडगंजला फौजेची सूत्रे बुरक्वां नामक दुसऱ्याच फ्रेंच सरदाराच्या हाती होती. फ्रान्सहून आलेल्या जनरल डेकाँची तुटपुंजी तुकडी पुदुचेरीत पाय न रोवता मॉरिशसकडे निघून गेली. तात्पर्य, फ्रेंच संकटाच्या अस्तित्वाहून त्याचा संशयच अधिक बलवत्तर होता. आणि संशयी प्रतिपक्षास पुरावा लागत नाही, केवळ निमित्त पुरते.

गैरसमज : असे युद्ध एखाद्या ठिणगीने एकाएकी भडकते.

वस्तुस्थिती : या युद्धाच्या पायऱ्या मोजता येतात. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला; बाजीराव पेशवे पुणे सोडून वसईस गेले; ३१ डिसेंबरला तेथे झालेल्या तहान्वये त्यांनी कंपनीची तैनाती फौज पत्करली; शिंदे व नागपूरकर भोसले यांस हा तह मान्य होईना; कंपनीने त्यांना निजामाच्या सरहद्दीवरून माघारी जाण्यास बजावले; आणि कंपनीचा रेसिडेंट कॉलिन्स ३ ऑगस्ट १८०३ रोजी शिंद्यांची छावणी सोडून गेल्यावर लढाईवाचून दुसरा मार्ग उरला नाही. प्रत्येक पायरीवर मागे फिरण्याची मुभा होती, परंतु जो आधी मागे फिरेल त्याचा दरारा जाईल अशी प्रत्येकाची धारणा असल्याने कोणीच फिरले नाही. मुख्य म्हणजे परकीयांस दरवाजा उघडून देणारे भांडण घरातले होते. परक्यांच्या वैराला आपल्या अंगणात येण्यास बहुधा आपल्याच घरची फट सापडते.

गैरसमज : निर्णायक विजय झाला की युद्ध आटोपते.

वस्तुस्थिती : पटपडगंजला लेकने घोडदळाच्या माघारीचे सोंग करून शिंद्यांच्या फौजेस भक्कम मोर्चांतून बाहेर काढले, मग पायदळाचा हल्ला चढविला, थोड्याच दिवसांत त्याने दिल्लीत जाऊन अंध बादशहा शाहआलमची भेट घेतली. त्याच महिन्यात दक्षिणेत असईची लढाई, नोव्हेंबरात लासवाडी आणि अडगावच्या लढाया, आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह, इतक्या त्वरेने शिंद्यांचा दिल्ली आणि दुआबावरील अंमल संपला. परंतु १८०३ साली अलिप्त राहिलेले होळकर १८०४ मध्ये रणात उतरले. कंपनीच्या कर्नल मॉन्सनची फौज त्यांच्यापुढे पळत सुटली, ऑक्टोबरात त्यांनी दिल्लीला वेढा दिला, १८०५ च्या आरंभी होळकरांची बाजू घेतलेल्या भरतपूरच्या तटापुढे लेकचे हल्ले फसले. खर्चाने बेजार झालेल्या कंपनीच्या चालकांचा वेलस्लीवरील विश्वास उडाला, आणि तो १८०५ साली हिंदुस्थान सोडून गेला. युद्ध कोठवर जाईल, हे ते सुरू करणाऱ्याच्या हाती राहत नाही, याचे याहून स्पष्ट प्रत्यंतर कोणते?

गैरसमज : वैर ज्यांचे, किंमतही त्यांचीच.

वस्तुस्थिती : पेरॉन आपली संपत्ती घेऊन फ्रान्सला परतला आणि १८३४ साली तेथेच वारला. बुरक्वांने लढाईनंतर तीनच दिवसांनी शरणागती पत्करली आणि तोही जिवानिशी सुटला. नेपोलियनला हिंदुस्थानात एक पाऊलही टाकावे लागले नाही. बुरक्वां निघून गेल्यावर मागे राहिले ते हिंडनकाठी पडलेले शिपाई. त्यांचा पगार शिंद्यांच्या खजिन्यातून येत होता, त्यांनी फ्रान्स कधी पाहिला नव्हता, आणि तरी त्यांचा जीव फ्रान्सच्या हिशेबी जमा झाला.