चांदोबाचं ऊन

ऐका रे पोरांनो. चंद्राचा फोटो रात्री काढायचा, मग शटर चांगलं सेकंदभर तरी उघडं हवं, असंच वाटतं ना? तसं केलंत तर काळ्या फोटोत पांढरं भोक तेवढं येईल. अरे, रात्र आपल्या अंगणात! चंद्राचा जो भाग उजळ दिसतो, तिथे लख्ख दिवस असतो. उन्हातल्या खडकाचाच फोटो तो.

आपल्या छोट्या दुर्बिणीचं भिंग ६० मिलिमीटरचं, नाभीय अंतर ७००. भागाकार करा, साधारण साडेअकरा येतो. कॅमेऱ्याच्या भाषेत जवळपास एफ/११. फिल्मचा रोल १०० आयएसओचा असला, तर पुनवेला १/१२५ सेकंद पुरे.

आता अष्टमी. अर्धा चंद्र, म्हणून वेळ दुप्पट? छे! जवळजवळ पाच-सहा पट. पुनवेला सूर्य आपल्या पाठीशी असतो, त्यामुळे चंद्रावरचा प्रत्येक खडा आपली सावली स्वतःच्याच मागे लपवतो. अष्टमीला ऊन तिरपं पडतं. डोंगरांच्या, विवरांच्या लांब सावल्या पसरतात आणि उजेड अर्ध्याहूनही खूप कमी होतो. म्हणून १/३० घ्या, १/१५ घ्या, दोन्ही घ्या. तीजेच्या कोरीशेजारचा तो अंधुक राखी गोल टिपायचा, तर कितीतरी जास्त वेळ लागतो. पण चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. दुर्बीण फिरवणारी मोटर नसेल तर तो नाद सोडा.

खरी गंमत याहून अंधुक गोष्टींत आहे. रोलवर चांदीच्या क्षाराचे कण असतात. प्रकाशाने त्यात चांदीचा एखादा अणू मोकळा होतो, पण तो एकटा टिकत नाही. लगेच जोडीदार मिळाले नाहीत, तर पुन्हा क्षारात मिसळून जातो. म्हणजे मंद उजेडात रोल विसराळू होतो, वेळ दुप्पट केली तरी काम दुप्पट होत नाही. व्हिएन्नाच्या कुफ्नर वेधशाळेत कार्ल श्वार्त्सशिल्डने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा हिशेब मांडला. कृष्णविवरांच्या गणितात नाव येतं तोच हा माणूस!

त्याच्याही आधी अमेरिकेत ड्रेपर बापलेकांनी धीर धरला होता. बापाने, जॉन विल्यमने, १८४० साली चंद्राला वीस मिनिटं दिली. तेव्हाच्या पत्र्यावरचं रसायन तितकं मंद होतं. मुलगा हेन्रीने ३० सप्टेंबर १८८० ला मृग नक्षत्रातला तेजोमेघ काचेच्या प्लेटवर टिपला. ५१ मिनिटं, आणि तेवढा वेळ दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवत ठेवायची!

तुम्ही चंद्रापासूनच सुरुवात करा. एका दृश्याला तीन-चार वेगवेगळ्या वेळा द्या आणि वहीत लिहून ठेवा. आणखी एक, रोलची पहिली फ्रेम दिवसाउजेडी घराची किंवा झाडाची घ्या. काळ्या आकाशात फ्रेमची कड दिसत नाही, आणि लॅबवाल्याची कात्री नेमकी चंद्रावरून फिरते.